प्रीअँप पेडल: एकट्याने दणदणीत, बँडमध्ये गायब. तुलना नक्की काय पाहून करायची?

अमळनेर_चारतार

राम राम मंडळी.

आधी सेटअप सांगतो. चार तारांचा पॅसिव्ह (बॅटरी नसलेला) जॅझ बेस गिटार, पुढे बेहरिंगरचा बीडीआय२१ हा प्रीअँप पेडल, म्हणजे मिक्सरला जाण्याआधी बेसचा आवाज घडवणारा डबा, आणि तिथून एक्सएलआरने (माइकच्या तीन पिनी वायरीने) थेट मिक्सर. स्टेजवर बेसचा वेगळा अँप नाही. कार्यक्रम लग्नाचे, हळदीचे, कानबाईचे. गाणी बहुतेक अहिराणी. सोबत ढोलकी, ऑक्टोपॅड, बँजो आणि दोन कीबोर्ड. साउंड भाड्याचा, प्रत्येक गावी निराळा. कधी नुसते दोन पंधरा इंची टॉप (मुख्य स्पीकर), कधी खाली अठरा इंची सब (नुसत्या खर्जाचा स्पीकर).

साउंडचेकला एकटा वाजवला की बेस छाती भरून येतो. बँड सुरू झाला की नुसतं बदबद ऐकू येतं, सूर कळत नाही. बेसचा नॉब वाढवला की सबवाला ओरडतो, ट्रेबल वाढवला की तारेचा कडकडाट तेवढा पुढे येतो.

आता चांगलं पेडल घ्यायचं आहे. डोळ्यासमोर टेक २१ चा सॅन्सअँप बेस ड्रायव्हर, एमएक्सआरचे एम८० आणि एम८१, अॅग्विलारचा टोन हॅमर आणि डार्कग्लासचा बी७के अल्ट्रा आहेत. व्हिडिओत सगळेच भारी वाटतात. यांच्या आवाजाच्या घडणीत खरा फरक काय, आणि तो घरी कसा तपासायचा? शिवाय जनरेटरवर घूंऽऽ असा आवाज येतो तो पेडलचा की आणखी कशाचा? कीबोर्डवाल्याचा अॅडॅप्टर पेडलला लावला तर चालेल का?

---

खर्ज_४१

भाऊ, तुमचं दुखणं पेडलच्या किमतीचं नाही, त्याच्या पोटातल्या वळणाचं आहे.

बीडीआय२१ सॅन्सअँप बेस ड्रायव्हरच्या धर्तीवर बनलेला आहे. ड्राइव्ह (आवाज फाटवणारा), प्रेझेन्स (वरची धार), ब्लेंड (थेट बेस आणि अँपची नक्कल यांचं मिश्रण), बेस, ट्रेबल, लेव्हल हे सहा नॉब दोन्हीकडे तेच. या घडणीत ट्यूब अँप आणि कॅबिनेटची नक्कल करणारा जो रस्ता आहे, त्यात मिडचा, म्हणजे मधल्या वारंवारतांचा, पट्टा मुळातच खाली दाबलेला असतो. नॉब सगळे मधोमध, बारावर ठेवले तरी आवाज सपाट नसतो. खर्ज वर, चमक वर आणि मधे खड्डा. एकट्याने ऐकायला हे गोड लागतं. पण बँडमध्ये खालचा मजला ढोलकीच्या धुमेने आणि ऑक्टोपॅडच्या किकने भरलेला असतो, वरचा बँजो आणि झांजांनी. बेसला पाय ठेवायला जागा उरते ती मधे, आणि तिथेच तुमच्या पेडलने खड्डा खणलाय. त्यात या पेडलला मिडचा नॉबच नाही.

आकडे डोळ्यासमोर ठेवा. मोकळी ई तार ४१ हर्ट्झ, ए ५५, डी ७३ आणि जी ९८. म्हणजे बेसचे मूळ स्वर बहुतेक ४० ते २०० हर्ट्झमध्ये. पण कान सूर ओळखतो तो उपस्वरांवरून, म्हणजे हार्मोनिक्सवरून: ई तारेचे ८२, १२३, १६५ आणि पुढचे. नुसत्या पंधरा इंची टॉपमधून ४१ हर्ट्झ जेमतेम निघतो. तिथे बेस ऐकू येतो तो ८० च्या वरच्या भागामुळे. बोटाचा ठोका आणि तारेचा गुरगुराट साधारण ७०० हर्ट्झ ते दीड हजारात असतो. बेसचा नॉब वाढवून सूर स्पष्ट होत नाही तो यामुळेच.

नवीन पेडल घ्यायच्या आधी हातातल्यावर हे करून पाहा, फुकट आहे. ब्लेंड १० वाजताच्या जागेवर आणा. ब्लेंड जितका कमी, तितका थेट बेसचा भरलेला मिड परत येतो. ड्राइव्ह ९, प्रेझेन्स ९. मग बेस आणि ट्रेबल दोन्ही १२ वरून ११ किंवा साडेदहावर खाली घ्या आणि लेव्हल तेवढी वाढवा. दोन टोकं खाली आणली की मधला भाग आपोआप वर येतो. मिडचा नॉब नसलेल्या पेडलवर मिड वाढवायचा हाच मार्ग. ब्लेंड पूर्ण शून्यावर मात्र नेऊ नका. तिथे ड्राइव्ह आणि प्रेझेन्सचा काही उपयोग राहत नाही, ती नक्कलच बाजूला पडते.

आता तुमची यादी.

सॅन्सअँपची दुसरी आवृत्ती, व्ही२, हिच्यात मिडचा नॉब आला. सोबत दोन बटणं: मिड ५०० की १००० हर्ट्झ, बेस ४० की ८० हर्ट्झ. तुमच्या कामात ही दोन बटणंच सगळ्या पेडलपेक्षा महत्त्वाची. बेस ८० वर ठेवा. ४० वर वाढवलेला बेस टॉपमधून ऐकू येत नाही, अँपची ताकद मात्र खातो. १२ डीबी (डेसिबल) वाढ म्हणजे जवळजवळ सोळापट पॉवर मागणं. मिड ५०० वर ठेवून थोडा उचलला की जुन्या आवृत्तीतला खड्डा बराच भरतो. १००० वर उचलला की बोटाचा ठोका पुढे येतो, पण बँजोशी भांडण होतं.

एमएक्सआर एम८१ म्हणजे साधा, स्वच्छ प्रीअँप. ड्राइव्ह नाही, अँपची नक्कल नाही. बेस, मिड, ट्रेबल आणि मिडची जागा २५० हर्ट्झ ते १ किलोहर्ट्झ सरकवणारा नॉब. इनपुट आणि आउटपुट वेगळे. डीआय (मिक्सरला जाणारं एक्सएलआर आउटपुट) ईक्यूच्या, म्हणजे बेस-मिड-ट्रेबल नॉबांच्या, आधीचा हवा की नंतरचा, तेही बटणाने ठरतं. त्याचा स्वतःचा रंग जवळजवळ नाहीच, आणि बऱ्याच जणांना व्हिडिओत तो म्हणूनच फिका वाटतो. बँडमध्ये हाच फिकेपणा कामाला येतो.

एम८० हे वेगळं जनावर. स्वच्छ चॅनलला बेस-मिड-ट्रेबल आणि कलर नावाचं बटण. कलर दाबला की ठरलेला खड्डा लागतो: खर्ज आणि चमक वर, मिड खाली. तुम्ही ते बटण विसरून जा. दुसऱ्या, डिस्टॉर्शन चॅनलला गेन, ब्लेंड आणि ट्रिगर. ट्रिगर म्हणजे नॉइझ गेट, ठरलेल्या पातळीखालचा आवाज बंद करणारा. तो जास्त फिरवला तर लांबवलेला स्वर शेवटी कात्रीने कापल्यासारखा तुटतो. लोक म्हणतात पेडल बिघडलं. बिघडलेलं काही नसतं, ट्रिगर घड्याळाच्या एका तासाएवढा मागे घ्या.

टोन हॅमरला बेस, ट्रेबल आणि सरकता मिड, साधारण १८० हर्ट्झ ते १ किलोहर्ट्झ. वेगळेपण आहे ते एजीएस बटणात. ते दाबलं की गेनची रचना बदलते, वरची धार गोल होते आणि आवाज जुन्या अँपकडे झुकतो. त्याचा बेस नॉब बराच खाली, ४० हर्ट्झच्या आसपास काम करतो, म्हणून सब नसेल तेव्हा तो १२ च्या वर नेण्यात अर्थ नाही. जुनं मॉडेल ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर, म्हणजे १८ व्होल्टवर चालतं. म्हणून जोरात वाजवलं तरी आवाज लवकर फाटत नाही.

डार्कग्लास ही हेलसिंकीची कंपनी, बी७के अल्ट्रा हे तिचं डिस्टॉर्शनवालं पेडल. यात समजून घ्यायची ती दोन बटणं: ग्रंट आणि अॅटॅक. ती डिस्टॉर्शनच्या *आधी* लागतात. ग्रंट ठरवतो खर्ज किती फाटू द्यायचा, अॅटॅक ठरवतो वरची धार किती फाटू द्यायची. ईक्यू मात्र नंतर येतो: १०० हर्ट्झ, खालचा मिड २५०/५००/१०००, वरचा मिड ७५०/१५००/३०००, ट्रेबल ५ किलोहर्ट्झ. फाटण्याआधी कापलेला खर्ज आणि फाटल्यानंतर कापलेला खर्ज यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आधी कापला तर डिस्टॉर्शन घट्ट येतं. नंतर कापला तर गाळ तसाच राहतो, फक्त बारीक होतो. ग्रंट पूर्ण वर ठेवून नंतर लो नॉबने गाळ काढत बसणं म्हणजे आधी पाणी गढूळ करायचं आणि मग गाळत बसायचं. त्यापेक्षा ग्रंट मधे किंवा खाली ठेवा आणि ब्लेंडने स्वच्छ खर्ज मिसळा.

तुलना करताना पहिला प्रश्न म्हणूनच हा विचारायचा: सगळे नॉब मधे असताना याचा मिड कुठे आहे? दुसरा: ईक्यू ड्राइव्हच्या आधी की नंतर? ब्रँड तिसऱ्या नंबरावर.

---

साउंडवाला_धुळे

वरचं बरोबर आहे, पण मिक्सरच्या बाजूने पाहिलं तर अर्धी कहाणी राहिलीच.

लेव्हलपासून सुरू करतो. पेडल बदलताना लेव्हल सारखी केली नाही तर तुलनेला अर्थ नाही. एक डीबीने मोठा आवाज कानाला ‘चांगला’ वाटतो, मोठा वाटत नाही. दुकानात हेच होतं: पेडल चालू केलं, आवाज चढला, पैसे निघाले. तुलना करताना चॅनलचा गेन एकदा ठरवा, पेडल बंद असताना पीएफएल (फक्त त्या चॅनलची पातळी दाखवणारं बटण) दाबून मीटर पाहा, मग चालू केल्यावर पेडलचा लेव्हल नॉब फिरवून तिथेच आणा. ड्राइव्ह असलेल्या पेडलवर नुसता पीक (क्षणिक सर्वात मोठी पातळी) पाहू नका. ड्राइव्ह आवाज दाबतो, त्यामुळे पीक सारखा असला तरी सरासरी मोठी येते. मोबाइलवरचं डीबी मीटर वापरणार असाल तर सेटिंग ‘ए’ नाही, ‘सी’ लावा. ‘ए’ वजनात ४० हर्ट्झ जवळजवळ ३५ डीबी कमी मोजला जातो आणि १०० हर्ट्झ १९ डीबी कमी. म्हणजे बेस त्याला दिसतच नाही. ‘सी’मध्ये ४० ला फक्त दोन डीबीचा फरक.

दुसरं म्हणजे लो-कट, ठरलेल्या वारंवारतेखालचा खर्ज कापणारं बटण. छोट्या मिक्सरवर ते ८० किंवा १०० हर्ट्झवर ठरलेलं असतं, सरकवता येत नाही. सब असताना बेसच्या चॅनलवर ते दाबलेलं राहिलं तर तुमच्या ई तारेचा पाया गेला. भाड्याच्या साउंडवर आधी माइक लावलेला चॅनल मिळतो आणि लो-कट दाबलेलाच असतो. प्रत्येक वेळी डोळ्यांनी पाहून घ्या. पण इथे खर्ज_४१ भाऊंना एक जोडतो: सब नसेल आणि फक्त पंधरा इंची टॉप असतील तर तेच लो-कट *मुद्दाम दाबा*. टॉपच्या कोनला ४० हर्ट्झवर नुसतं धडपडायला लावण्यापेक्षा ते काढून टाकलं की वरचा बेस मोकळा होतो, व्होकलही स्वच्छ होतात. बेसवाले ऐकल्यावर नाक मुरडतात, समोर उभे राहून ऐकलं की मान्य करतात.

आता जागा. मोकळं पटांगण आणि पत्र्याचं मंगल कार्यालय यांत एकच सेटिंग चालत नाही. पटांगणात भिंती नाहीत, खर्जाला आधार देणारं काही नाही; तिथे ८० ते १०० हर्ट्झ थोडा जास्त लागतो. पत्र्याखाली उलटं: साधारण १०० ते १६० च्या मधला एखादा स्वर फुगतो आणि बाकीचे गिळतो. तो कसा शोधायचा? ई तारेवर मोकळ्या तारेपासून बाराव्या पडद्यापर्यंत एकेक स्वर सारख्या जोराने वाजवा, दुसऱ्या कुणाला तरी हॉलच्या मध्यावर उभं करा. जो स्वर अचानक ‘भोंऽऽ’ करतो त्याची वारंवारता आणि तिची दुप्पट पाहा. तिसऱ्या पडद्याचा जी ४९ हर्ट्झ आहे. तो भोंगला तर बहुधा गुन्हेगार ९८ आहे. मग मिक्सरच्या लो-मिडने तेवढंच ३-४ डीबी कापा. हे काम पेडलचं नाही. पेडलवर कापलं तर मॉनिटरमधूनही जातं, मग तुम्ही बोटाने जोर लावता आणि लय पुढे पळते.

तिसरी गोष्ट कडू आहे, पण गोट खरी शे: तुमचा अर्धा बेस कीबोर्डवाला खातो. डाव्या हाताने खालच्या सप्तकात बेस लाइन धरली, किंवा स्टाइलमधला बेसचा ट्रॅक चालू राहिला, तर जगातलं कुठलंही पेडल तुम्हाला पुढे आणू शकत नाही. दोघांत किंचित बेसूर असेल तर स्वर हलल्यासारखा ऐकू येतो आणि दोष तुमच्या ट्यूनिंगला जातो. स्टाइलमधला बेस ट्रॅक बंद करून घ्या, डावा हात मधल्या सप्तकाच्या वर. हे बोलणं पेडल घ्यायच्या आधी करा, स्वस्त पडतं.

आणखी एक, वायरिंगचं. पेडलचा एक्सएलआर माइक इनपुटला द्या आणि गेन शून्यापासून वर आणा. पेडलवर २० डीबीचा पॅड (सिग्नल कमी करणारं बटण) असेल तर माइक इनपुटला देताना तो दाबून ठेवा. नाहीतर मिक्सरचा पीक लाइट पेटतो आणि फाटलेला आवाज पेडलच्या माथी मारला जातो. घाईत काही जण पेडल वगळून पी३८ पिनने (पाव इंची जॅकने) बेस थेट लाइन इनपुटला टोचतात. पॅसिव्ह पिकअपला साधारण दहा किलोओहमचं लाइन इनपुट फार जड पडतं. ट्रेबल मरतो, आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. पेडलचं इनपुट एक मेगाओहम किंवा जास्त असतं, म्हणून तिथे हा त्रास नाही. पेडल बंद पडलं तर साधा डीआय बॉक्स पिशवीत असू द्या.

---

भुसावळ_सोल्डर

वीज आणि मोजमाप या दोन प्रश्नांवर लिहितो. बाकी वरच्यांनी चांगलं सांगितलंय.

अॅडॅप्टर: थांबा, कीबोर्डवाल्याचा तसाच लावू नका. बहुतेक पेडलना ९ व्होल्ट डीसी लागतो आणि पिनचं आतलं टोक निगेटिव्ह. यामाहाच्या कीबोर्डचे नेहमीचे अॅडॅप्टर १२ व्होल्टचे, आतलं टोक *पॉझिटिव्ह*. कॅसिओचा जुना एडी-५ मात्र ९ व्होल्ट, आत निगेटिव्ह. त्यामुळे ‘कॅसिओचा लावला, चाललं’ असं कुणीतरी सांगतो, पण कॅसिओचा नवा साडेनऊ व्होल्टचा आत पॉझिटिव्हवाला असतो. म्हणून नाव वाचून नका ठरवू, अॅडॅप्टरवरचं गोलांचं चिन्ह पाहा. मधला ठिपका वजाला जोडलेला हवा. मल्टीमीटर असेल तर काळी प्रोब पिनच्या आत, लाल बाहेर. रीडिंग अधिक आलं तर बरोबर. बी७के अल्ट्राला बॅटरीची सोयच नाही, तो फक्त अॅडॅप्टरवर. तेव्हा एक जादा अॅडॅप्टर सोबत लागतोच. सॅन्सअँप बेस ड्रायव्हर ४८ व्होल्ट फँटमवरही (मिक्सरमधून येणाऱ्या विजेवरही) चालतो, पण फँटम जातो फक्त एक्सएलआरमधून आणि प्रत्येक भाड्याच्या मिक्सरवर तो नीट मिळेलच असं नाही. भरवसा बॅटरीवर ठेवा.

आता घूंऽऽ. क्रमाने तपासलं तर पाच मिनिटांत सापडतो. पेडल बॅटरीवर घ्या. गेला तर अॅडॅप्टर दोषी. एकाच अॅडॅप्टरवरून साखळीने चार पेडल चालवलेत का तेही पाहा. बारीक ‘चींऽ’ असा आवाज असेल तर स्वस्त एसएमपीएस (स्विचिंग) अॅडॅप्टरचा. बॅटरीवरही राहिला आणि पेडल मिक्सरशिवाय आणखी एखाद्या अँपलाही जोडलेलं असेल, तर पेडलवरचं ग्राउंड लिफ्ट (एक्सएलआरची अर्थ तोडणारं बटण) दाबा. गेला तर मिक्सर आणि स्टेज यांच्या अर्थिंगमध्ये लूप आहे. लिफ्ट दाबूनच ठेवा. तरी राहिला तर बेस घेऊन उभ्या जागी सावकाश गोल फिरा. एका दिशेला कमी, दुसऱ्या दिशेला जास्त झाला तर तो पिकअप पकडतोय, पेडल निर्दोष. तुमचा जॅझ बेस आहे: दोन सिंगल कॉइल, दोन्ही व्हॉल्यूम सारखे असले की एकमेकांचा हम, म्हणजे हाच घूंऽऽ, खातात. एक थोडा कमी केला की घूंऽऽ परत. बरेच जण पुढचा पिकअप थोडा कमी ठेवतात आणि हम पेडलमध्ये शोधत बसतात.

तार हाताने धरली की हम थांबतो, सोडली की येतो: ब्रिजची अर्थ वायर ठीक आहे, आतलं शील्डिंग कमी आहे. तार धरल्यावर हम *वाढला*, तर ब्रिजची वायर तुटलेली किंवा जॅकच्या दोन वायरी उलट्या. आणि तार हातात असताना माइकला ओठ लागून झिणझिण्या आल्या, तर वाजवणं तिथेच थांबवायचं. जनरेटरच्या फ्रेमचं अर्थिंग आधी बघायला लावा. हम जातो म्हणून प्लगची अर्थ पिन काढणारे भेटतात. त्यांच्या वायरीला हात लावू नका.

मोजमाप. पेडलचं खरं वळण घरी दिसू शकतं. लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस (आवाज लॅपटॉपमध्ये ने-आण करणारा डबा) आणि रूम ईक्यू विझार्ड हे फुकट सॉफ्टवेअर एवढंच लागतं. आधी इंटरफेसचं आउटपुट एका लीडने थेट लाइन इनपुटला जोडून स्वीप (खालून वरपर्यंत सरकणारा चाचणीचा स्वर) घ्या. ती तुमची शून्य रेषा. मग मधे पेडल घाला. स्वीपची लेव्हल खाली ठेवा, उणे वीस डीबीएफएसच्या (डिजिटल मीटरच्या कमाल पातळीपेक्षा वीस डीबी खाली) आसपास, कारण बेसचा सिग्नल व्होल्टच्या काही अंशाचाच असतो आणि जास्त दिला तर पेडल फाटून आलेख खोटा येतो. ड्राइव्ह शून्य. फँटम बंद. पहिला स्वीप सगळे नॉब १२ वर. मग एकेक नॉब १० आणि २ वर. सॅन्सअँप घराण्याच्या पेडलवर ब्लेंड ०, ५० आणि १०० वर तीन स्वीप घेतले की खर्ज_४१ म्हणतात तो खड्डा डोळ्यांनी दिसतो, आणि कॅबिनेटच्या नकलेमुळे वरचा भाग कसा उताराला लागतो तेही. एम८१ ची रेघ बारावर जवळपास सपाट दिसेल. एकदा हे आलेख पाहिले की व्हिडिओखालच्या ‘वॉर्म’, ‘पंची’ या शब्दांची गरज उरत नाही.

डिजिटल मल्टिइफेक्ट एका चॅनलवर आणि थेट डीआय दुसऱ्यावर देऊन मिसळणार असाल तर सावध राहा. डिजिटलला दीड मिलिसेकंद उशीर झाला तरी दोन्ही मिळून ३३३ हर्ट्झच्या आसपास एक मोठा खड्डा पडतो, पुढे त्याच्या विषम पटीत आणखी. पेडलच्या आतला ब्लेंड हा त्रास देत नाही, कारण तिथे सगळं अॅनालॉग. जमत असेल तर मिश्रण पेडलमध्येच करा.

---

अमळनेर_चारतार

ब्लेंड १० वर, बेस-ट्रेबल साडेदहावर, लेव्हल वर, असं लावून पाहिलं. एकट्याने आवाज किरकोळ वाटतो, पण ढोलकीसोबत सूर कळतोय. गोल फिरल्यावर हम बदलतो, म्हणजे पिकअपचाच. आणि स्टाइलमधला बेस ट्रॅक चालूच होता, हे सांगायला लाज वाटते.

आता दोनच प्रश्न. स्वच्छ आवाजाची गाणी जास्त, पण चार-पाच गाण्यांत थोडी घासट धार हवी. या हिशोबाने एम८१ की सॅन्सअँप व्ही२? आणि सरकत्या मिडची जागा शोधायची पद्धत काय?

---

खर्ज_४१

व्ही२ घ्या. एम८१ ला धारच नाही, त्यासाठी दुसरं पेडल लागेल आणि पिशवीत आणखी एक अॅडॅप्टर. टोन हॅमरची एजीएस गोडीची आहे, घासटपणाची नाही. डार्कग्लासची धार या कामाला फार दातेरी. अहिराणी गाण्यात बँजोच्या अंगावर जाते. ज्यांना धार अजिबात नको त्यांना मात्र मी एम८१ च सांगेन, किंमत काहीही असो.

व्ही२ वर सुरुवात इथून करा: ब्लेंड १०, ड्राइव्ह १०, प्रेझेन्स ९, बेस ८० हर्ट्झवर आणि नॉब १२, मिड ५०० वर आणि नॉब १ वाजता, ट्रेबल ११. धारेच्या गाण्यांसाठी ब्लेंड २ वाजता आणि ड्राइव्ह १२, बाकी हात लावायचा नाही. ब्लेंड वाढवला की लेव्हलही बदलते, ती आधीच घरी जुळवून ठेवा.

सरकत्या मिडची पद्धत, एम८१ किंवा टोन हॅमरवर: मिडचा नॉब भरपूर वर करा, ७-८ डीबी वाटेल इतका. बँड वाजत असताना, एकट्याने नाही, ए आणि डी तारेवर पाचव्या ते आठव्या पडद्यादरम्यान एकच ओळ घोळवत राहा आणि वारंवारतेचा नॉब सावकाश खालून वर न्या. एका जागी बेस अचानक गर्दीतून डोकं काढतो. तिथे थांबा आणि वाढ अर्ध्यापेक्षा कमी करा. २५० च्या जवळ थांबलात तर आवाज डब्यातून आल्यासारखा होतो, तशी जागा कापायला चांगली, वाढवायला नाही. बहुतेकांची जागा ४०० ते ८०० च्या मधे सापडते.

आणि तारा. महिनोन्‌महिने घामात राहिलेल्या तारांत ७०० च्या वरचं काही शिल्लक नसतं. नसलेली गोष्ट कुठलाही मिडचा नॉब वाढवू शकत नाही, तो फक्त सुस्कारा वाढवतो.

---

साउंडवाला_धुळे

एक काम आणखी करा. पेडलच्या कडेला पांढरी चिकटपट्टी लावा आणि बारीक मार्करने प्रत्येक नॉबला दोन खुणा: एक ‘पत्रा’, एक ‘पटांगण’. काळ्या पेडलवर रात्री नॉबची रेघ दिसत नाही आणि मे महिन्यात दुपारच्या हळदीला एलईडी चालू आहे की बंद तेही कळत नाही. उन्हात पेडलवर ओलं नाही, कोरडं पांढरं उपरणं टाका. डबा हात लावू न देण्याइतका तापतो.

आणि लीड काढायच्या आधी मला हात करा, चॅनल म्यूट करू द्या. फँटम चालू असताना एक्सएलआर उपटला की जो फटाका होतो त्यात टॉपचा ड्रायव्हर जातो, आणि भाड्याच्या साउंडवर त्याचं बिल बेसवाल्याच्या नावाने फाटतं.